बोर्दोतला तुरटपणा

गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. षड्रसांची ही यादी आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण यातला शेवटचा रस मुळात चव नाहीच, बहुतांशी तो स्पर्श आहे. (तिखटही चव नाही, पण तो वेगळा विषय.) खात्री करायची असेल तर बिनदुधाचा कडक चहा वरच्या ओठाच्या आतून हिरडीवर फिरवून बघा. तिथे रुचिकलिका नसतात, तरी ओठ हिरडीला चिकटल्यासारखा होतो.

हा स्पर्श ओळखण्यात फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन उत्पादकांचा हात धरणारे फार थोडे असतील. दर वसंतात ते आदल्या हंगामाची वाइन व्यापारी आणि समीक्षकांपुढे ठेवतात. ती तेव्हा २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरत असते, बाटलीत जायला बराच अवकाश असतो. चाखणारे घोट घेतात, तोंडभर घोळवतात आणि थुंकतात. बघणाऱ्याला हे नखरे वाटतात. पण इतक्या कोवळ्या लाल वाइनमध्ये जोखायचं असतं ते मुख्यतः टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांमधून येणारं तुरट द्रव्य, आणि ते घोळवल्याशिवाय कळत नाही. थुंकायचं ते दिवसभरात डझनावारी नमुने चाखूनही डोकं ताळ्यावर राहावं म्हणून.

उत्पादकाचं चाखणं तर मळ्यातच सुरू होतं. तोडणीच्या आधी काबर्ने सोव्हिन्यॉं या काळ्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायचा, गर बाजूला सारून साल दाढेखाली धरायची आणि मग बी फोडायची. हिरवट बी तोंड आवळून टाकते. पिकलेली तपकिरी बी कुरकुरीत फुटते, भाजलेल्या दाण्यासारखी लागते. पुढे रस साली-बियांसकट आंबत असताना टाकीतूनही रोज चाखायचं. अल्कोहोल वाढत जाईल तसं बियांमधलं टॅनिन जास्त उतरतं, आणि साली-बिया कधी वेगळ्या काढायच्या हे शेवटी जिभेवरच ठरतं.

आता तोंडात काय होतं ते बघू, कारण मला यातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेली खास प्रथिनं असतात. प्रोलिनची रचना कडीसारखी असल्यामुळे या प्रथिनांची नीट घडी पडत नाही. ती सैल दोरीसारखी पसरलेली राहतात. टॅनिन म्हणजे अनेक वलयांचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली साखळी. तिची चपटी वलयं प्रोलिनच्या कड्यांवर जाऊन बसतात आणि हायड्रोजन बंध ती पकड घट्ट करतात. एक टॅनिन रेणू दोन-तीन प्रथिनांना एकदम धरतो, त्यांचा गुंता होतो आणि तो साक्यासारखा लाळेतून बाहेर पडतो. लाळेचं वंगण गेलं की जीभ टाळूवर घासते. तोच तुरटपणा. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेव्हाही टॅनिन असंच प्रथिनांना बांधतं.

चहात दूध घातलं की तुरटपणा का मावळतो, याचं उत्तरही इथेच आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन लाळेच्या आधी टॅनिनला पकडतं. पिंपात मुरताना टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि लाल रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही तुटतातही, आणि वाइन मऊ होत जाते.

एवढं सुरेख रसायनशास्त्र हाताशी असताना काही जण चंद्राच्या पंचांगावर वाइन चाखण्याचे दिवस ठरवतात: ‘फळ-दिवशी’ ती खुलते, ‘मूळ-दिवशी’ मिटते म्हणे. न्यूझीलंडमध्ये १९ व्यावसायिकांना पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या १२ वाइन दोन्ही प्रकारच्या दिवशी, नाव न सांगता चाखायला दिल्या. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: पंचांगाचा काहीही परिणाम दिसला नाही. मुहूर्त बघणारे सगळीकडे सारखेच.

चाखण्यात खरा फरक पडतो तो क्रमाने. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, त्यामुळे एकच वाइन पहिली चाखली तर मऊ आणि सहावी चाखली तर खरखरीत वाटू शकते. म्हणून दोन पेल्यांच्या मध्ये पाण्याचा घोट, पावाचा कोरडा तुकडा आणि लाळ पुन्हा सुटेपर्यंत थोडं थांबणं.