सांगली ते गुवाहाटी : विमानाचे तीन तास, प्रवासाचे बारा

आमच्याकडे गुवाहाटीचं तिकीट काढायला येणाऱ्यांत विटा-खानापूरकडचे गलाई बांधव बरेच. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं ही माणसं देशभर पांगलेली. लग्न, जत्रा, शेतीची कामं, सगळ्याला ये-जा चालूच. पहिला प्रश्न ठरलेला : "विमानानं वेळ किती लागतो?" उत्तर एका आकड्यात बसत नाही, म्हणून हे पत्रक.

पुणे ते गुवाहाटी हवाई अंतर सुमारे २००० किलोमीटर. थेट विमान मिळालं तर साधारण तीन तास. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीवर नंबर लागेपर्यंतची रांगही त्यातच धरलेली. परतीच्या तिकिटावर वेळ जास्त दिसते, ती छपाईची चूक नव्हे. हिवाळ्यात वरती पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर.

थेट विमान नसेल तर कोलकातामार्गे जा. पुणे-कोलकाता सुमारे १५८० किलोमीटर, पुढे गुवाहाटी ५००. सरळ वाटेपेक्षा जेमतेम ८० जास्त. दिल्लीमार्गे तेच अंतर २६०० वर जातं. दिल्लीचं तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण ६०० किलोमीटरचा फेरा आणि वर डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. आम्ही तरी सुचवत नाही.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवीत. सुरुवातीच्या दिवसांत आम्हीच एका ग्राहकाला दोन वेगळी तिकिटं काढून दिली होती. पहिलं विमान लेट झालं, दुसरं निघून गेलं, पैसे बुडाले. ते आम्ही आमच्या खिशातून भरले आणि तेव्हापासून तसलं तिकीट काढणं बंद केलं.

आता घरापासूनचा हिशोब. समजा सकाळी ९ चं थेट विमान. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे ७ पर्यंत लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर पोचायचं. सांगलीतून रात्री दीडला निघा. पेठ नाक्यापासून हायवे लागतो. गाडीचे पाच तास धरले तरी खंबाटकीत एखादा ट्रक आडवा झाला तर अर्धा तास हाताशी राहतो. दुपारी १२ ला गुवाहाटी, बॅगा घेऊन शहरात शिरेपर्यंत दीड. झाले बारा तास! रेल्वेनं मात्र दोन दिवस, दोन रात्री.

कोल्हापूरचं विमानतळ सांगलीहून पन्नासेक किलोमीटरवर, पण विमानं मोजकी. तारीख सांगा, जोडणी बसते का ते पाहून सांगतो.

घड्याळ तिकडेही आपलंच, सूर्य मात्र तासाभरानं पुढे. डिसेंबरात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे शिलाँग किंवा तेजपूर गाठायचं असेल तर सकाळचंच विमान घ्या, नाहीतर अनोळखी रस्त्यावर अंधार पडेल.

सामानाचं नीट वाचा. गलाईचं नायट्रिक ॲसिड कुठल्याच बॅगेत चालत नाही, बाटली कितीही छोटी असो. चेक-इन बॅगेत सुकं खोबरंही नको. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. ओटीतली वाटी बॅगेच्या तळाशी राहून जाते, स्कॅनरवर दिसते आणि मग साड्यांच्या घड्यांसकट सगळी बॅग काउंटरवर उपसावी लागते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. बेदाणे आणि हळद खुशाल न्या.