हिस्टोन कोणते, प्रोटामाइन कोणते?

प्रोटामाइन म्हणजे शुक्राणूतले हिस्टोन, असे सांगून बरेचजण मोकळे होतात. त्यात तथ्य एवढेच, की दोन्ही प्रथिने धनभारित आहेत आणि ऋणभारित डीएनएला घट्ट धरून बसतात.

हिस्टोन शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सापडते. आठ हिस्टोनांचे एक रीळ आणि त्यावर डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) दोरा, अशी ही रचना. हिस्टोनांच्या शेपटांना ॲसिटिल गट (छोटे रासायनिक गट) लागले की पकड सैल होते आणि जनुक वाचता येते. प्रोटामाइनकडे अशी उघडझाप नाही. प्रोटामाइन-१ ही जेमतेम पन्नासेक अमिनो आम्लांची साखळी, त्यातली जवळपास निम्मी आर्जिनिन हे धनभारित अमिनो आम्ल. ती डीएनएच्या खाचेत बसून त्याचा भारच मारून टाकते. मग डीएनएची दाट कडी बनतात आणि वाचन ठप्प होते.

हिस्टोनांच्या जागी प्रोटामाइन येण्याची ही बदली वृषणात, शुक्राणूपूर्व पेशी लांबट होऊ लागल्यावर होते. आधी हिस्टोन सैल पडतात, मध्ये काही काळ संक्रमण प्रथिने येतात, मग प्रोटामाइन. गंमत म्हणजे प्रोटामाइनचा आरएनए कित्येक दिवस आधीच तयार असतो, फक्त दाबून ठेवलेला. उंदरांमध्ये त्यापासून प्रथिन वेळेआधी बनवून पाहिले, तर केंद्रक अवेळी आकसले आणि शुक्राणूंची वाढ अडली. पुढे अधिवृषणातून (शुक्राणू पक्व होतात त्या नळीतून) जाताना प्रोटामाइनमधल्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांमध्ये गंधकाचे बंध जुळतात आणि गाठ पक्की होते. स्विस संशोधक फ्रीडरिश मीशरने १८७४ मध्ये ज्या सामन माशाच्या शुक्राणूंतून प्रोटामाइन वेगळे केले, त्याच्या प्रोटामाइनात सिस्टीनच नाही; हा जास्तीचा टाका मुख्यतः अपरा (वार) असलेल्या सस्तन प्राण्यांचा.

घोळ होतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एच१टी हे प्रथिन फक्त वृषणात बनते म्हणून त्याला प्रोटामाइनच्या रांगेत बसवतात. ते हिस्टोनच आहे. दुसरे, माणसाच्या पक्व शुक्राणूतही साधारण ५ ते १५ टक्के हिस्टोन टिकून राहते, तेव्हा ते दिसले म्हणजे बिघाड असे नाही. प्रमाण जास्त असेल तर मात्र शंका घ्यावी. माणसात प्रोटामाइन-१ आणि २ साधारण समसमान असतात. हा तोल ढळलेला वंध्यत्व असलेल्या अनेक पुरुषांत आढळतो.

फलनानंतर बीजांडातले ग्लुटाथायोन हे छोटे रसायन ते गंधकाचे बंध तोडते. काही तासांतच प्रोटामाइन निघून जाते आणि पित्याच्या डीएनएवर मातेच्या बीजांडातले हिस्टोन चढते.