वरातीच्या घोडीचा ताप: गोचिडीतून येणाऱ्या आजाराची पार्श्वभूमी

तुळशीचं लग्न लागलं की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत घोडीची आठवण होते. टांगे जवळपास गेले, पाटलाच्या वाड्यापुढची घोडी गेली. आता यवतमाळ-वाशीमकडे कुणी घोडी पाळली असेल, तर बहुधा वरातीसाठी. रात्री बँडच्या दणक्यात तीन-तीन तास उभं राहायचं, पहाटे टेम्पोत चढायचं आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच गावी पुन्हा तेच. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कधीतरी ती चंदीला तोंड लावत नाही, मान टाकून उभी राहते, अंग तापलेलं असतं. मालकाला वाटतं ऊन लागलं. डोक्यावर पाणी ओततात, कांदा चारतात. दोन-तीन दिवसांत हिरड्या आणि डोळे पिवळट दिसायला लागतात, लघवी गडद तांबूस होते, पायांवर सूज चढते.

हा प्रत्येक वेळी उन्हाचाच ताप असतो असं नाही. गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या परजीवींमुळेही असंच होतं. शास्त्रीय भाषेत या आजाराला अश्व पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात. आपल्याकडे गाईचा गोचीडताप सगळ्यांना ठाऊक आहे. गावात जर्सी आणि होल्स्टीन संकरित गाई आल्या, २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुभती जनावरं वाटली गेली, तसा त्या तापाच्या एका प्रकाराचं थायलेरिओसिस हे अवघड नावसुद्धा दूधवाल्यांच्या तोंडी बसला. घोड्यालाही स्वतःचा थायलेरिया असतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. गाईचा आजार घोड्याला लागत नाही आणि घोड्याचा गाईला लागत नाही, कारण परजीवी वेगवेगळे आहेत. गोचीड मात्र बऱ्याचदा तीच असते. गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून थोडं मागं जाऊन पाहायला हवं.

१८८८ साली रुमानियात व्हिक्टर बाबेश यांना आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्म जीव दिसले. पुढे त्यांच्याच नावावरून बॅबेसिया हे नाव पडलं. हे जीव गुरांत शिरतात कसे, याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. टेक्सासकडून गुरांचे कळप उत्तरेला हाकले गेले की वाटेवरची स्थानिक गुरं पटापट मरत. हे काम गोचिडींचं आहे असं गुराखी म्हणत होते, पण जाणकार मंडळी त्यांचं म्हणणं उडवून लावत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी चार उन्हाळे साधे पण भक्कम प्रयोग केले. एका कुरणात गोचिडीवाली दक्षिणेची गुरं सोडली. दुसऱ्यात तसलीच गुरं, पण हातानं एकेक गोचीड वेचून. तिसऱ्यात गुरं नाहीतच, नुसत्या गोचिडी पसरल्या. जिथे गोचीड होती तिथेच उत्तरेची गुरं आजारी पडली. १८९३ साली हे छापून आलं. डास हिवतापाचा वाहक असल्याचं रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. किड्यामार्फत रोग पसरतो याचा पहिला खणखणीत पुरावा गुराख्यांच्या बोलण्यातून निघाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घोड्याची कथा दक्षिण आफ्रिकेतून पुढे सरकते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रजांचे तीन लाखांहून जास्त घोडे मेले. उपासमार, श्रम, नाना रोग, कारणं पुष्कळ होती. बाहेरून आणलेल्या घोड्यांना तिथे पित्तज्वर म्हणून ओळखला जाणारा ताप पछाडत असे. तिथले पशुवैद्य आर्नोल्ड थायलर यांनी त्या रक्ताचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हरान यांनी परजीवीला नाव दिलं. पुढे १९१० च्या सुमारास कळलं की हे एक नसून दोन जीव आहेत. एक मोठा, पेशीत जोडीनं दिसणारा बॅबेसिया कॅबाली. दुसरा बारीक, चार-चार मिळून फुलीसारखा दिसणारा, तोही पुढे बरीच वर्षं बॅबेसियाच म्हणवला गेला. १९९८ मध्ये तो थायलेरिया इक्वी झाला, म्हणजे थायलर यांच्या नावावर गेला. जुने पशुवैद्य आजही त्याला बॅबेसियाच म्हणतात.

नाव बदलण्यामागे ठोस कारण होतं. हा जीव थेट तांबड्या पेशींत जात नाही, आधी पांढऱ्या पेशींत वाढतो. शिवाय एकदा शिरला की बहुतेक घोड्यांत जन्मभर राहतो. ताप उतरतो, घोडी पुन्हा नाचायला लागते, पण रक्तात थोडे परजीवी उरलेलेच असतात. श्रम, प्रवास, उपास असा ताण पडला की ते डोकं वर काढू शकतात. गाभण घोडीकडून पोटातल्या शिंगरालाही लागण होते, तीत गर्भ टाकला जाण्याची भीती असते. भारतात मुख्यतः आढळतो तो हाच.

आपल्याकडे या रोगांकडे लक्ष गेलं ते फौजेच्या घोड्यांमुळे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) सर्रा या घोड्यांच्या आणखी एका आजाराचा परजीवी शोधला. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली, ती नंतर मुक्तेश्वरला गेली. सर्रा पसरतो चावऱ्या माशांमुळे, पण त्यातही ताप येतो, रक्त कमी होतं, पाय सुजतात, त्यामुळे या दोन आजारांची गल्लत आजही होते. विदर्भात कामठीची छावणी १८२१ पासूनची. त्याआधी नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालपर्यंत दौडत गेले होते. घोड्याचा इतका वावर असलेला हा मुलूख, पण सूक्ष्मदर्शक येईपर्यंत साळोत्र्याला, म्हणजे घोड्यांच्या वैद्याला, हा ताप दुसऱ्या तापांतून वेगळा काढण्याची सोयच नव्हती. सूक्ष्मदर्शक आला तेव्हा तो पलटणीच्या आणि शर्यतीच्या घोड्यांवर रोखलेला होता. १९८५ मध्ये हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र उभं राहिलं, रक्तातली प्रतिपिंडं (रोगाविरुद्ध शरीर तयार करतं ती द्रव्यं) तपासण्याच्या चाचण्या तिथे तयार झाल्या. तोवर खेड्यातला घोडा कमी होत चालला होता. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या घरात असलेले घोडे-तट्टू २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांवर आले, गाढवं तर साऱ्या देशात १ लाख २० हजारच उरली. जनावर दुर्मीळ झालं की त्याचा आजार ओळखणारी नजरही दुर्मीळ होते.

गोचीड मात्र कमी झाली नाही. हायलोमा जातीची गोचीड गोठ्यातच संसार मांडते. रक्त पिऊन गळून पडते, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत शिरते, तिथेच कात टाकते, हजारो अंडी घालते. खेड्यात घोडीला वेगळी पागा कुठली? ती गाई-बकऱ्यांच्या शेजारीच बांधलेली असते. म्हणून नुसत्या घोडीच्या अंगावरच्या गोचिडी काढून भागत नाही, भेगा लिंपाव्या लागतात. आयाळीच्या मुळाशी, कानात, शेपटीखाली, मांडीच्या आत गोचिडी बसतात. रोज खरारा करणाऱ्या हाताला त्या लगेच लागतात. वीटभट्टीवरची गाढवं बऱ्याचदा आजारी न दिसताच हा परजीवी वाहतात.

गोचिडीइतकीच जपायची गोष्ट म्हणजे सुई. २००९ मध्ये टेक्सासच्या एका मोठ्या कुरणावर चारशेहून जास्त घोडे बाधित निघाले, तिथे गोचीडच कारण ठरली. पण अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांत इतरत्र जी प्रकरणं सापडली, त्यांत एकाची सुई दुसऱ्याला टोचणं हे मोठं कारण होतं. आपल्याकडे यात्रेच्या आधी चार घोड्यांना एकाच सुईनं ताकदीचं इंजेक्शन देणारे लोक आहेत. हे थांबायलाच हवं. उपचारासाठी इमिडोकार्ब वापरतात. त्यानं ताप आटोक्यात येतो, पण थायलेरिया इक्वी रक्तातून पुरता जाईल याची खात्री नसते. या औषधानं घोड्याच्या पोटात कळा येऊ शकतात आणि गाढवाला ते फारच जड जातं, म्हणून अंदाजानं टोचायचं औषध हे नव्हे.

जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी अश्व केंद्राला जागतिक पातळीवर रोगमुक्त कप्पा, म्हणजे ठरावीक रोगांपासून सुरक्षित राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. ज्या आजारांपासून ते मुक्त ठरलं, त्यांत पायरोप्लाझ्मोसिसही आहे. स्पर्धेचे घोडे परदेशी पाठवायला त्याचा उपयोग होईल. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत मात्र घोडी घेताना दात पाहतात, चाल पाहतात, भोवरे मोजतात, आणि रक्त तपासल्याशिवाय ती टेम्पोत चढते. घोडी तापलेली असतानाच, पहिलं इंजेक्शन पडण्याआधी, कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर घेतलं तर परजीवी दिसण्याची शक्यता चांगली असते. ताप उतरल्यावर ते इतके थोडे उरतात की काचपट्टीवर बहुधा सापडत नाहीत, मग प्रतिपिंडांची चाचणीच करावी लागते.