गुहावासी वनस्पती : नव्या जातीचा शोध व वर्गीकरण

मिट्ट काळोखात हिरवी वनस्पती तग धरत नाही. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो, मग तो कितीही क्षीण असो. त्यामुळे ‘गुहावासी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपुष्प वनस्पती गुहेच्या तोंडापासून उजेड पोचतो तिथपर्यंतच्या अंधूक पट्ट्यात वाढतात. पायलिया कॅव्हर्निकोला ही त्यांतली टोकाची म्हणावी अशी. चीनमधील ग्वांग्शी प्रदेशाच्या फंगशान परगण्यात, चुनखडकातील गुहेत ती आढळली. उघड्यावरच्या उजेडाच्या अवघ्या ०.०४ ते २.७८ टक्के प्रकाशावर तिचे भागते.

ती अर्टिकेसी कुलातली, म्हणजे अंगाला लागताच आग करणाऱ्या नेटलची नातलग. पायलिया प्रजातीला मात्र दाहक केस नसतात. गुहेत नेटल वाढतात असे चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ वेई यीगांग यांनी सांगितले, तेव्हा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील वनस्पतिशास्त्रज्ञ अॅलेक्स मन्रो यांना ती भाषांतरातली चूक वाटली होती. यांग्झी गुहेत पाऊल टाकल्यावर त्यांची शंका फिटली. जातीचे वर्णन २०१२ मध्ये ‘फायटोकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

झुडूप सापडले म्हणजे जात सापडली असे नव्हे. खरे काम हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहताना होते. कमी उजेडात पाने पातळ व रुंद होऊ शकतात, म्हणून केवळ पानांवर विसंबले तर सावलीत वाढलेली जुनीच जात नवी वाटायची. अशा वेळी बारीक फुले आणि फळे भिंगाखाली तपासावी लागतात. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार एक मूळ नमुना निश्चित करून नव्या जातीचे वेगळेपण नोंदवावे लागते. हे टिपण लॅटिनमध्येच हवे ही अट २०१२ पासून सुटली. आता इंग्रजीही चालते. नाव मात्र अजून लॅटिन वळणाचेच : ‘कॅव्हर्निकोला’ म्हणजे गुहेत राहणारी.

ती फक्त गुहेतच राहते का, हे ठरवणे अधिक अवघड. नैर्ऋत्य चीनमधील गुहांच्या २००९ ते २०१४ या काळातील पाहणीत ४१८ जाती नोंदल्या गेल्या; त्यांपैकी ३१ गुहांबाहेर कुठेही ज्ञात नाहीत. पण भोवतालचे जंगल तुटल्यावर उरलेल्या वनस्पतींना गुहेचा आसरा मिळाला असेल, हीही शक्यता आहे. तसे असेल तर गुहा हे त्यांचे मूळ घर नव्हेच. दुर्मिळ जातींच्या बाबतीत संग्राहकांच्या धास्तीने नेमके ठिकाण कधी कधी वर्णनातून मुद्दाम वगळतात.