पार्श्वभूमी : बंगला सुटला, कुलपतिपद सुटलं नाही

गणेशखिंडीतली पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. 1949 मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि हा बंगला कुलगुरूंकडे आला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गव्हर्नर बंगल्यातून गेले, विद्यापीठातून मात्र नाही. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती, ही तरतूद तेव्हाही होती आणि आजही आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत चान्सलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. हिंदी पट्ट्यात वर्षानुवर्षं व्हाइस चान्सलरलाच ‘कुलपति’ म्हणत आले, त्यामुळे तिकडची बातमी वाचून आपल्याकडे राज्यपालच बदलल्याचा गैरसमज सहज होतो. मध्य प्रदेशाने 2024 मध्ये ‘कुलगुरु’ स्वीकारलं. इतकी दशकं मराठी वाचकाला उगाच कोड्यात टाकलं!

राज्यपालच कुलपती का? याचं उत्तर 1857 मध्ये सापडतं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्यांनी शिकवायचं नव्हतं, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. शिकवण्याचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे मुंबईचे पहिले कुलपती, तर कुलगुरू सरन्यायाधीश विल्यम यार्डली. कुलगुरूच्या खुर्चीत न्यायाधीश का, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. परीक्षा नि:पक्षपाती व्हाव्यात आणि कागद चोख असावेत, एवढंच तर काम होतं. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग, तेही हायकोर्टाचेच न्यायाधीश. 1862 मध्ये पहिल्यांदा पदव्या मिळाल्या, त्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते. या दोघांना विद्यापीठाने एक तासही शिकवलेलं नाही.

व्हाइसरॉय कर्झनच्या 1904 च्या विद्यापीठ कायद्याने हा साचा अधिक घट्ट केला. तोवर सिनेटचे, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेचे, फेलो (सदस्य) तहहयात असत, आता त्यांची मुदत पाच वर्षं झाली. फेलोंची कमाल संख्या शंभर, त्यात निवडून येणारे फक्त वीस, बाकी बहुतेक कुलपतींनी नेमलेले. गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात याला कडाडून विरोध केला होता. मात्र त्याच कायद्यात विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमून शिकवण्याची मुभाही होती. म्हणजे नियंत्रण आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच दारातून आत आले.

या मुभेचा सर्वात धडाडीने वापर केला तो कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी. 1917 मध्ये तिथे पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या हाती आलं. मुंबईत चिमणलाल सेटलवाड कुलगुरू असताना, 1919 मध्ये, पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र शिकवायला आले. त्यांच्यानंतर विभाग गोविंद सदाशिव घुर्यांकडे गेला आणि देशाला समाजशास्त्रज्ञांची एक पिढी मिळाली. 1933 मध्ये यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सुरू झाला. पण सिनेट, परीक्षा, संलग्न कॉलेजं ही मुख्य इमारत, आणि विभाग म्हणजे मागे काढलेली पडवी, अशीच मांडणी राहिली. माझ्या मते पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथे आहे. कुलगुरूंचा दिवस निकाल आणि कॉलेजांच्या फायलींत जातो, संशोधनाला उरलासुरला वेळ मिळतो. ज्यांना हा साचा अपुरा पडला, ते बाहेर पडले. डेक्कन कॉलेज 1990 मध्ये अभिमत विद्यापीठ, म्हणजे स्वतः पदव्या देणारी संस्था, झालं, गोखले संस्था 1993 मध्ये, यूडीसीटी 2008 मध्ये.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलत गेले. 1974 मध्ये विद्यापीठांचे स्वतंत्र कायदे आले, 1994 मध्ये सर्वांसाठी एकच. मग निगवेकर, काकोडकर आणि ताकवले यांच्या समित्या झाल्या आणि सध्याचा 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद हे तीन मुख्य खांब. विद्याशाखा चारच ठेवल्या आणि त्यांचे प्रमुख, म्हणजे अधिष्ठाते, निवडून येण्याऐवजी नेमले जाऊ लागले. नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा जण निवडून देतात. मुंबईत ही दहा जागांची निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर 2024 मध्ये, तीही कोर्टाची पायरी चढल्यावर, झाली.

कुलगुरू निवडीची रीत अशी : शोध समिती अर्ज छाननी करते, पाच नावं काढते, ती राज्यपालांकडे जातात, ते मुलाखती घेऊन एकाला नेमतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी. काढण्याचा अधिकारही कुलपतींचाच. ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा बोजवारा उडाल्यावर मुंबईच्या कुलगुरूंना राज्यपालांनी पदावरून दूर केलं, ते याच अधिकारात. पुन्हा परीक्षाच आडवी आली, हे ध्यानात घ्यावं.

डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने हा धागा स्वतःकडे ओढून पाहिला. पाच नावं आधी सरकारकडे, सरकार त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवणार, शिवाय उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, असं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ते अमलात आलंच नाही, सत्ताबदलानंतर मागे घेण्यात आलं. दरम्यान दिल्लीचा हात लांब झाला. गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये सांगितलं, की कुलगुरू निवडीत राज्याचा कायदा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांविरुद्ध जात असेल तर यूजीसीचे नियम चालतील. महाराष्ट्रालाही निवड समितीची रचना बदलावी लागली.

या ओढाताणीत पीएचडीचा विद्यार्थी कुठे असतो? त्याची फाईल बघा. आधी प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, किंवा नेट-सेट. मग गाईड शोधायचा. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी, ही मर्यादा 2022 च्या यूजीसी नियमांची, म्हणजे दिल्लीची. मग विषय घेऊन आरआरसीसमोर, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीसमोर, बसायचं. ती समिती विद्यापीठाची. तिने शीर्षकातला एक शब्द बदलायला सांगितला, की सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, पुन्हा टाईप होतो. किमान तीन वर्षं, कमाल सहा. आणि गाईड निवृत्त झाला, जागा भरलीच गेली नाही, तर? जागा भरायची परवानगी मंत्रालयातून, वित्त विभागाच्या होकारानंतर येते. तोवर विद्यार्थी दुसऱ्या गाईडच्या दारात उभा असतो, आणि त्याचे आठ आधीच भरलेले असतात.