एसटी स्टँडची तालीम हेडसेटमध्ये

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला एसटी स्टँड अवघड जातं ते नुसत्या गर्दीमुळे नाही. धुळ्याच्या किंवा जळगावच्या स्टँडवर हॉर्न, लाउडस्पीकर, डिझेलचा वास आणि अंगाला घासून जाणारा शेंगदाणेवाला हे सगळं एकाच वेळी येतं, आणि त्यात चोपड्याची गाडी नेहमीचा फलाट सोडून भलतीकडेच लागते. यातलं नेमकं काय सोसत नाही, हे मुलाला सांगता येत नाही. प्रत्यक्ष स्टँडवर आपल्यालाही ते वेगळं काढता येत नाही. व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर बांधून आत चहूबाजूंचं आभासी दृश्य दाखवणाऱ्या यंत्रात, ते येतं. आवाज ठेवून गर्दी काढा, गर्दी ठेवून हॉर्न बंद करा. वास तेवढा दाखवता येत नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड यांनी १९९६ साली दोन स्वमग्न मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हाचं हेल्मेट अवजड होतं, तरी दोघांनी ते घालून घेतलं आणि चित्रातल्या रस्त्यावरची गाडी ओळखली. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये हेडसेटच वगळला. ७ ते १३ वर्षांच्या ९ मुलग्यांना त्यांनी खोलीच्या भिंतींवर प्रसंग दाखवले, शेजारी तज्ज्ञ बसला, २० ते ३० मिनिटांची चार सत्रं झाली. ९ पैकी ८ जणांना भीतीच्या प्रसंगाला तोंड देणं आधीपेक्षा जमू लागलं. मात्र अशा अभ्यासांत मुलं मोजकी असतात, आणि बहुधा बोलणारी, सूचना समजणारीच निवडलेली असतात. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हीच अपेक्षा धरू नये.

बाजारात मिळणाऱ्या तयार खेळांत परदेशी रस्ते असतात. गाड्या शिस्तीत थांबतात, हॉर्न वाजत नाही. त्यावर शिकलेलं मूल भुसावळच्या रस्त्यावर उतरलं तर त्याचं शिक्षण उलट धोक्याचं ठरेल. म्हणून आपल्याच स्टँडचं ३६० अंशांचं, म्हणजे चहूबाजू एकदम टिपणारं, चित्रण करणं बरं. आगार व्यवस्थापकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि कॅमेरा एका दांडीच्या स्टँडवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावावा. दहा वर्षांच्या मुलासाठी ही उंची साधारण सव्वा मीटर असते. मोठ्या माणसाच्या उंचीवरून घेतलं तर मुलाला आपण हवेत तरंगतोय असं वाटतं, आणि काही मुलं तिथेच हेडसेट काढून फेकतात.

या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेल्या दोन लेन्स असतात. दोन्ही चित्रं जिथे सांधली जातात, तिथे मीटरभराच्या आत आलेला माणूस चिरल्यासारखा दिसतो. आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. स्वमग्न मुलाची नजर बरोबर तिथेच अडकते, मग बस येवो की जावो. त्यामुळे एका लेन्सचं तोंड गाडी येते त्या दिशेला ठेवायचं आणि सांध्याच्या रेषेत खांब, फलक, माणूस काही येऊ द्यायचं नाही. दुसरी अडचण पाटीची. चित्र ५.७के म्हणजे सुमारे ५७०० बिंदू रुंद असलं, तरी ते पूर्ण वर्तुळावर पसरलेलं असतं. एका वेळी डोळ्यांपुढे त्याचा जेमतेम चौथा भाग येतो, आणि 'जळगाव–पाचोरा' ही पाटी धूसर होते. पाटीचा साधा फोटो वेगळा काढून चित्रणावर चिकटवावा.

एकच चित्रण वारंवार दाखवणं ही सगळ्यात मोठी चूक. पाच-सहा वेळा पाहिलं की मुलाला ते तोंडपाठ होतं. निळ्या शर्टाचा माणूस गेला की बस येते, हे ते शिकतं, पाटी वाचायला शिकत नाही. त्याच जागेची किमान चार-पाच वेगवेगळी चित्रणं हवीत, काहींत हवी ती बस येतच नाही अशीही. सूचना ध्वनिमुद्रित करताना घरची बोली घ्यावी. घरात अहिराणी ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतली सूचना कानावरून जाते.

हेडसेट पहिल्याच दिवशी चालू करू नये. आधी तो बंद अवस्थेत हाताळू द्यावा. नंतर मुलानेच तो डोळ्यांसमोर धरावा, पट्टा न बांधता. मग पट्टा, मग एक-दोन मिनिटं स्थिर चित्र, तेही आधी टीव्हीवर दाखवलेलंच. पुढे पायऱ्या अशा चढवायच्या: पहाटेचं रिकामं स्टँड, एक बस, इंजिनाचा आवाज, मंद हॉर्न, शेवटी गर्दी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आवाज आणि गर्दी एकत्र वाढवली आणि मूल बिथरलं, तर कारण कळत नाही. सत्र पाच ते दहा मिनिटांचं, आठवड्यातून दोन-तीनदा. 'बस्स' म्हणण्यासाठी मुलाच्या हाती एक कार्ड द्यावं, आणि ते वर होताच, खेळ कितीही रंगात असला तरी, हेडसेट काढावा. हे एकदा जरी पाळलं नाही तरी पुढच्या वेळी मूल हेडसेटला हात लावत नाही.

नोंद वहीत करावी: कितव्या पायरीवर आहे, किती वेळा आठवण करून द्यावी लागली, कार्ड कधी वर आलं. खेळातले गुण लिहिण्यात अर्थ नाही. एक पायरी सलग तीन सत्रांत आठवण न देता जमली की त्याच आठवड्यात मुलाला खऱ्या स्टँडवर, गर्दी नसलेल्या वेळी, नेऊन तीच पायरी करून घ्यावी. स्वमग्न मुलांत एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही, हे ठाऊक असूनही हीच पायरी सर्रास गाळली जाते.

बसलेल्या जागेवरून डोकं वळवून पाहण्यापुरतंच हे चित्रण आहे. मूल पुढे चाललं तरी चित्र जागचं हलत नाही आणि मळमळतं. त्यामुळे फिरत्या खुर्चीवर बसवावं. रस्ता ओलांडण्याचा चालण्याचा भाग हेडसेटमध्ये शिकवू नये, थांबून दोन्हीकडे पाहण्यापर्यंतच जावं.

मेटा कंपनीच्या क्वेस्ट या हेडसेटची किमान वयाची अट २०२३ मध्ये १३ वरून १० वर आली, त्याखालच्या मुलाला हेडसेट देऊ नये. लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी असतं. क्वेस्ट २ च्या दोन लेन्स जास्तीत जास्त जवळ आणल्या तरी त्यांच्यात ५८ मिमी अंतर राहतं. मुलाचं अंतर त्याहून बरंच कमी असेल तर चित्र दुहेरी दिसतं आणि डोकं दुखतं. चष्म्याच्या दुकानात ते आधी मोजून घ्यावं. स्वमग्न मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. तसा इतिहास असेल तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय हेडसेट नकोच, भिंतीवरचा प्रोजेक्टर किंवा टीव्ही चालेल.

खानदेशातल्या उन्हाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. पारा ४२-४४ वर गेला की हेडसेट तापून बंद पडतो, आणि ऐन खेळात काळा पडदा आला की मूल घाबरतं. एप्रिल-मेमध्ये सत्र सकाळी आठच्या आत उरकावं. लेन्स उन्हाकडे तोंड करून ठेवल्या तर त्या ऊन एकवटतात आणि आतला पडदा कायमचा जळतो, त्याला काही मिनिटंही पुरतात. डोक्याला तेल असेल तर लेन्सवर डाग पडतात. त्या फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात, पट्ट्याखाली सुती रुमाल बांधावा.

'समोरच्याच्या डोळ्यांत बघ' म्हणून गुण देणारे खेळ मात्र टाळलेले बरे. नजर चुकवून ऐकणारं मूल बहुधा नीटच ऐकत असतं. आणि चोपड्याची बस कुठली, हे कंडक्टरच्या डोळ्यांत न बघताही विचारता येतं.