शिफ्ट, बाण आणि सिलेक्शनची दोन टोकं

ओळीच्या मधोमध कर्सर ठेवून शिफ्ट-एंड दाबलं की कर्सरपासून शेवटापर्यंतचा मजकूर सिलेक्ट होतो. लगेच शिफ्ट-होम दाबा. विंडोजवर उजवीकडचा भाग सुटतो आणि डावीकडचा धरला जातो. मॅकवर हेच शिफ्ट-कमांड आणि उजवा-डावा बाण वापरून केलं, तर अख्खी ओळ सिलेक्ट होते. दोन्हीकडे हे मुद्दाम ठरवलेलं आहे. सिलेक्शनला दोन टोकं असतात, पण त्यातलं कुठलं रोवलेलं आणि कुठलं हलतं, हे लक्षात ठेवायचं की नाही, इथे वाटा फुटतात.

सुरुवातीच्या एडिटरांत, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामांत, हा प्रश्नच वेगळा होता. १९७६च्या सुमारास बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआयमध्ये आधी क्रिया सांगायची आणि मग कुठवर ते. सिलेक्शन नावाची वस्तूच नव्हती. त्याच वर्षीच्या ईमॅक्समध्ये ‘मार्क’ आणि ‘पॉइंट’ अशा दोन जागा आल्या. मार्क रोवायचा, पॉइंट म्हणजे कर्सर हलवायचा, मधला भाग आपला. कंट्रोल-एक्स कंट्रोल-एक्सने दोन्हींची अदलाबदलही होते. माझ्या मते दोन टोकांचा इतका सरळ हिशेब नंतर क्वचितच कोणी मांडला. गंमत म्हणजे हा मधला भाग रंगवून दाखवणं ईमॅक्समध्ये मुळातच चालू असायला २००९ साल आणि २३वी आवृत्ती उजाडावी लागली.

१९७८च्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरची तऱ्हा निराळी. कंट्रोल-के बी म्हणजे ब्लॉकची सुरुवात, कंट्रोल-के के म्हणजे शेवट. एकदा खुणा केल्या की कर्सर कुठेही भटकू दे, ब्लॉक जागचा हलत नसे. आज हे विचित्र वाटतं, पण लांबचा मजकूर उचलून आणताना त्याची सोय होती. शिवाय तेव्हा शिफ्ट-बाण ही जोडी सहज उपलब्धही नव्हती. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर बाण आकड्यांच्याच कळांवर होते आणि शिफ्ट धरली की तिथून आकडे उमटत. बाणांना स्वतंत्र जागा १०१ कळांच्या कीबोर्डवर मिळाली. १९८७मध्ये आयबीएमची सीयूए (कॉमन यूजर ॲक्सेस) ही प्रोग्राम कसे वापरायचे याची नियमावली आली आणि शिफ्ट धरून सिलेक्शन वाढवण्याची रीत पीसीच्या जगात रुळत गेली. या रीतीत पहिलं टोक रोवलेलं राहतं, म्हणजे ईमॅक्सचा मार्कच, फक्त शिफ्टच्या आड लपलेला.

मॅककडे सिलेक्शन माउसच्या वाटेने आलं. झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिमथी मॉट यांनी १९७५च्या सुमारास ‘जिप्सी’ हा एडिटर केला. त्यात माउस ओढून मजकूर धरता येई. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर तर बाणांच्या कळाच नव्हत्या. त्या १९८६च्या मॅक प्लससोबत आल्या. डबल क्लिकने शब्द धरला, तर त्याचं कुठलं टोक हलतं? काहीच सांगता येत नाही. मॅकने ते तसंच अनिश्चित ठेवलं: पहिला शिफ्ट-बाण ज्या दिशेला दाबाल, ते टोक हलतं. ओळीच्या कडेपर्यंत जाताना तर सिलेक्शन फक्त वाढतं, आक्रसत नाही.

ब्राउझरांना दोन्ही घराणी सांभाळावी लागतात. वेबकिट या ब्राउझर-इंजिनच्या कोडमध्ये सिलेक्शनला दिशा मानायची की नाही, हे प्रणालीनुसार ठरतं. एचटीएमएलच्या मानकातही सिलेक्शनची दिशा ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’ किंवा चक्क ‘नन’, म्हणजे कुठलीच नाही, अशी असू शकते.

शिफ्ट सोडून नुसता बाण दाबला की काय व्हावं, यावरही मतभेद आहेत. मॅकवर डावा बाण सिलेक्शनच्या डाव्या कडेला नेऊन थांबवतो, उजवा उजव्या. ईमॅक्समध्ये मात्र कर्सर आहे तिथून एक अक्षर पुढे सरकतो. मला पहिलं पटतं: सिलेक्शन मोडणं हीच एक हालचाल आहे, त्यावर आणखी एक पाऊल कशाला? हीलिक्ससारख्या नव्या एडिटरांनी तर व्हीआयचा क्रम उलटा केला आहे. तिथे शब्दावरून पुढे जाणं हेच शब्द सिलेक्ट करणं.

राहिला प्रश्न एका पावलाच्या लांबीचा. ‘क्षि’मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार युनिकोड बिंदू, म्हणजे संगणक वेगवेगळी साठवतो अशी चार चिन्हं, आहेत. शिफ्ट-बाणाने ते एका झटक्यात धरावेत की मध्येच तुटावेत? युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार ‘क्’पाशी तोडता येत असे. देवनागरीसह काही लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. तो प्रत्येक एडिटरमध्ये पोचलेला नाही, आणि पोचला तरी बॅकस्पेसने वेलांटी तेवढी पुसता यायलाच हवी.